धनीरामचा आजार

३ जानेवारी
रात्रभर झोप नाही. सकाळी गाडीवर साकोलीला ऑफिसात जाताना डोळ्यांतून पाणी. हायवेची धूळ. हेल्मेटची काच बंद होती, तरी. रुखमिणी म्हणते, भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे जाऊन या. मला काही झालेलं नाही. पण बायकोच्या समाधानासाठी मंगळवारी जाणार. फायनल.

६ जानेवारी
गेलो. 'मानसरोगतज्ज्ञ' ही पाटी एवढी मोठी कशाला? समोरच बसथांबा, त्यात साकोलीची बस उभी. दोनदा दारावरून पुढे गेलो. शेवटी शेजारच्या दुकानातून बनियान घेऊन परत.

९ जानेवारी
हेल्मेट घालूनच आत शिरलो. काउंटरवरच्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. तोंडातून निघालं, धनीराम. धनीराम म्हणजे माझा साळा, एकोडीला किराणा दुकान आहे त्याचं. डॉक्टरांना त्याची सगळी लक्षणं सांगितली. झोप नाही, जेवण जात नाही, पोरीचा फोन आला तरी बोलावंसं वाटत नाही. सांगून जरा मोकळं वाटलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटला घेऊन या. सरळ गोळ्या लिहून द्यायला काय जात होतं?

११ जानेवारी, दुपार
एकोडी. धनीरामला प्लॅन समजावला. मी सांगतो तसं बोलायचं आणि गोळ्या मला द्यायच्या.
"भाऊजी, मले पागल बनवून राहिले का तुम्ही?"
मटणावर तयार झाला. यात चुकण्यासारखं काहीच नाही.

१३ जानेवारी
धनीराम आत, मी बाहेर. माझे दोन चहा झाले, तरी येईना. आला तेव्हा डोळे लाल. मी शिकवलेलं एकही वाक्य बोलला नाही. स्वतःचंच सांगत बसला, बाप गेल्यापासूनचं. मला कधी कळलंच नव्हतं. गोळ्या त्याच्या निघाल्या. मटण मात्र माझ्याकडून.

२७ जानेवारी
धनीरामला झोप लागते आता. रुखमिणी शेजारणींना सांगत फिरते, माझ्या भावाला यांनी वाचवलं. अशा माणसाने आता स्वतःचं कसं सांगावं? पण हरकत नाही. त्याच्या सोबतीला दर वेळी जायचं. एखाद्या दिवशी डॉक्टर स्वतःच विचारतील, तुमचं काय? मग पटकन सांगून टाकायचं. हे बेस्ट.

१० फेब्रुवारी
सुट्टी टाकून तयार बसलो होतो. दुपारी धनीरामचा फोन आला. एकटाच जाऊन आला म्हणे. आता लाज वाटत नाही.
"डॉक्टर तुमचंबी विचारत होते, भाऊजी. सोबत येते ते कसे हायेत म्हणून. मी सांगतलं, आमच्या भाऊजीले काहीच नाही, एकदम फिट."
मी म्हटलं, बरोबर सांगितलंस.