जोडखड्यातला एक

सोमवार, ४ मार्च
अखेर नोकरी लागली. रत्नांचं दुकान, बैठं काम, आणि खुर्चीला चक्क चाकं. ताईने शब्द टाकला म्हणून मालकीणबाईंनी घेतलं. दारू सोडून जेमतेम आठ महिने झालेल्या भावासाठी शब्द टाकायला हिंमत लागते. ती शाळेची बस चालवते, तेव्हा हिंमत काही कमी नाही.

माझं काम खड्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं. आज ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा खडा. जुने ग्रीक लोक मानत की तो जवळ असला तर कितीही प्या, चढत नाही. नावाचा अर्थच 'न झिंगलेला'. बिशपांच्या अंगठीत तो असे. उशाखाली ठेवला की शांत झोप लागते, असंही मानतात. हे 'मानतात' प्रत्येक चिठ्ठीवर हवंच, हा बाईंचा दंडक. हा खडा मला दहा वर्षं आधी भेटायला हवा होता.

शुक्रवार, ८ मार्च
बाईंनी एकाच दगडातून कापलेले दोन जांभळे खडे दाखवले. असे जोडखडे त्या एकाच गिऱ्हाइकाला देतात. दोघांत वाटले तर एकाचं दुसऱ्याला भोगावं लागतं म्हणे. मी मान डोलावली आणि दोन्ही घेतले. एक ताईच्या गळ्यात, एक माझ्या खिशात. बावळट म्हणाली मला, पण संध्याकाळभर आरशासमोर होती.

मंगळवार, १२ मार्च
प्यायलो. लिहितानाही लाज वाटते. जेवणाच्या सुट्टीत, एक क्वार्टर. पण चढली नाही. तोंडाला वाससुद्धा नाही, बाईंना पत्ता लागला नाही. घरी आलो तर ताई आडवी पडलेली. दुपारी जिन्यात तोल गेला म्हणाली. जीभ जड झाली होती.

गुरुवार, १४ मार्च
आज जास्त घेतली. ताईच्या तोंडाला वास आला, मी पितो त्याच दारूचा. शाळेत सगळ्यांदेखत तिला विचारलं, पिऊन येता का. आयुष्यात थेंब घेतला नाही तिने. ती रडत होती, मी पाठीवरून हात फिरवत होतो. तेव्हा मला सगळं कळलं होतं.

सोमवार, १८ मार्च
तिला खडा काढ म्हणायचं, तर कारण सांगावं लागेल. ओठांवर येतं आणि — नाही. माझाच काढून ठेवला आणि प्यायलो. लगेच वास सुटला, बाईंनी रोखून पाहिलं. पुन्हा खिशात टाकला. असा माणूस आहे मी.

बुधवार, २० मार्च
काल घेतली नाही. शाळेने बस काढून घेतली होती आणि कालच तिचं रक्त तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही. उद्यापासून बस परत. तिने विचारलं, पिणाऱ्यांना असंच होतं का रे, तुला ठाऊक असेल. मी म्हणालो, थकवा असेल.

गुरुवार, २१ मार्च, सकाळी
घोटभरच — हात थांबेनात म्हणून. मग आणखी. दुकानाच्या खिडकीतून तिची बस दिसते आहे. मुलं भरलेली. फोन हातात आहे. काय सांगू, की मी — ताई, गाडी थांबव, एवढं तरी — वळण आलं, आणि ती वळतच नाही, ती सरळ