ज्याचा बिल्ला त्यानंच

भोसरी, पुणे
जानेवारी १९९६

प्रिय भाऊ,

अक्षर वाकडं दिसेल, डाव्या हातानं लिहून राह्यलो. कारण पुढं सांगतो. नार्नूरला मायला इतक्यात काही कळवू नको.

ही माझी इथली तिसरी नोकरी. याचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून तू हसशील. पण या कारखान्यात मन लागलं ते कम्प्युटरपायी. काचेची खोली, आत पूस महिन्यातल्या पहाटेसारखा गारवा, साहेबसुद्धा देवळात जावं तसे जोडे काढून आत जातात. गेटवर कार्ड खाचेतून ओढलं की त्याला कळते, चिंतामणी आला, चिंतामणी गेला. सातवी नापास माणसाचं नाव एवढं मोठं यंत्र ध्यानात ठेवते. पहिल्या दिवशी मी नुसता काचेपाशी उभा राहून पाहत होतो.

सुट्टीच्या वेळी गेटवर लाईन लागते, म्हणून आमी एकमेकाची कार्डं ओढतो. माझा जोडीदार नागनाथ म्हणे, तू आरामात हातपाय धू, तुला मी बाहेर काढतो. तुमच्या मंचेरियलच्या खाणीत नाही का, वर येणारा जोडीदाराचाही हजेरीचा बिल्ला खिळ्याला अडकवतो अन् तो माणूस वर आला असं धरतात, तसंच.

मागल्या आठवड्यात सुट्टी होता होता रंगखात्यात आग लागली. साहेबानं कम्प्युटरचा कागद वाचला, आत कोणी नाही. मग बंबवाले बाहेरूनच पाणी मारत राह्यले. आत मोरीत एक माणूस अडकला होता. नागनाथ साहेबाचे पाय धरून रडला, साहेब, त्याचं कार्ड मी ओढलं, तो आतच हाये. तेव्हा कुठं माणसं आत शिरली.

मला अजून नवल वाटते, भाऊ. यंत्र चुकलं नाही. आमी सांगितलं ते त्यानं लेकरासारखं खरं मानलं, अन् त्याचं ऐकून सारा कारखाना गप उभा राह्यला. एवढी त्याची ताकद, अन् सगळा भार आमच्या खऱ्या बोलण्यावर.

तो आतला माणूस मी होतो. उजवा हात भाजला, बाकी ठीक आहे. धुरात दार ठोकताना मला तुझा बिल्ला दिसत होता, वर खिळ्याला लटकलेला, अन् तू खाली. वैनीनं लिहिलं होतं, काम उरलं की तू मागं थांबतोस अन् बिल्ला तुझ्या जोडीदाराजवळ, व्यंकटरावाजवळ देऊन देतोस. आता देऊ नको, भाऊ. लाईनीत उभं राहावं लागलं तरी चालेल, तुझा बिल्ला तूच अडकव.

तुझाच,
हात बरा झाल्यावर नीट अक्षरात लिहिणारा
चिंतामणी