भिंतीतली वाट

शनिवार, १२ जानेवारी २०१९

फार उशिरा लिहितोय. वहीची माफी मागतो. हिवाळा लागल्यापासून एक ओळ नाही! रोज ठरवायचं, रोज राहायचं.

आज पुन्हा आमच्या जुन्या बेटावर जाऊन आलो. लुलवाने — सहली नेणाऱ्या कंपनीतली पोरगी, गळ्यात शिट्टी, पायात पोरांसारखे बूट — यंदा मला सांगणारा म्हणून घेतलंय. म्हणते, "काका, दगडांचं मी सांगते. माणसांचं तुम्ही सांगा." जुन्या यवनी, म्हणजे ग्रीक, किल्ल्याचं ती सांगते, मग माझी पाळी. बोट सुटली की माझ्या छातीत धडधडायला लागतं ते पहिला माणूस हसेपर्यंत.

आज कोणीतरी विचारलंच — सिकंदर इथे आला होता का हो? जणू मी नि तो एका बाकावर बसायचो! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. म्हटलं, आला असेल, पण आमच्याकडे जेवला नाही. हसले सगळे. बरं वाटलं.

ओहोटी होती. कंपनीने दाखवायला म्हणून बांबूचा नवा हद्रा उभा केलाय. आमचे हद्रे खजुराच्या फांद्यांचे असायचे. समुद्रात कुंपण घालायचं. भरतीला मासे आत येतात, ओहोटीला पाणी निघून जातं, मासे राहतात. सकाळी बादली घ्यायची नि चालत जायचं, बस. बोई, पापलेट. कधी नुसते खेकडे — मग बाबांच्या शिव्या पार मशिदीपर्यंत ऐकू जायच्या. हे सांगताना मला माझा आवाज बाबांसारखा वाटला.

शेवटचा थांबा आमचं घर. सगळी वसाहत सरकारने बांधलेली, एकासारखं एक. आता दारं नाहीत, छपरं बसलीत, भिंतींवर देवीच्या वणांसारखे गोळ्यांचे खड्डे. नव्वद साली इराकी फौजेने आम्हाला बेटावरून काढलं, त्यानंतर राहायला कोणी परतलं नाही. मी उंबऱ्यावर उभा राहून सांगतो — इथे बैठक. इथे माझा पोरगा शाहीन पहिलं पाऊल टाकून पडला. ते स्वयंपाकघर, तिथे माझ्या बायकोचं, घनीमाचं राज्य. लोक फोटो काढतात. आज एक बाई डोळे पुसत होत्या. मी समुद्राकडे तोंड केलं.

सोमवार, १४ जानेवारी

घनीमाला पुन्हा विचारलं, चल ना एकदा. नव्वदनंतर तिने त्या दिशेच्या समुद्राकडेही धड बघितलेलं नाही.

"स्वतःच्या घरी तिकीट काढून जायचं? शोभतं का, बू शाहीन? आणि तिथे काय, शिट्टी वाजवून आत सोडतात?"

शाहीनचा बाप म्हणून मी बू शाहीन. आणि शिट्टी वाजवतातच.

मला एवढंच हवंय. तिने एकदा त्या उंबऱ्यावर माझ्या शेजारी उभं राहावं. मी सांगतो ते ऐकावं, चुकलं तर चारचौघांत रागवावं. नाहीतर त्या पडक्या भिंतींत मी एकटाच बडबडतो असं वाटतं. दोघांचेही दिवस थोडे उरलेत.

आणि दुसरी भीती. ती कोणाला सांगितलेली नाही. परवा बोटीवर आमच्या मशिदीच्या इमामांचं नाव आठवेना! ज्यांनी माझा निकाह लावला! "इमामसाहेब, इमामसाहेब" म्हणत वेळ मारून नेली. बाबा शेवटी शेवटी मला त्यांचा भाऊ समजायचे. रोज विचारायचे, जाळी वाळली का रे? हे रक्तातून येतं म्हणतात. माझी आठवण गेली तर सांगणार काय, नि मग घर तरी कुठे राहणार? शाहीनला सांगावं म्हणून फोन उचलला. तो मस्कतला, कामाच्या गडबडीत. ठेवून दिला.

बुधवार, १६ जानेवारी

वेलचीचा डबा औषधांच्या खोक्यात सापडला. घनीमा म्हणाली, "तुमचीच कामं." असेल. मीच ठेवला असणार.

शनिवार, १९ जानेवारी

उत्तरेचा वारा. बोट रद्द. दिवसभर खिडकीतून झेंडे बघत बसलो.

गुरुवार, २४ जानेवारी

घनीमा येते म्हणाली! आपणहून! दुपारी मासा निवडता निवडता — "या शनिवारी मी येणार. घर बघायचंय." मी पुन्हा विचारलं. "बहिरे झालात का?"

तेव्हापासून लगबग चालू आहे. ठेवणीतली अबाया काढली, तिला ऊदाचा धूर दिला. हातांना मेंदी लावून बसली, या वयात! आणि खजुराचा शिरा करून डबा भरायचा म्हणते. म्हटलं, अगं, तिथे खायला कोण आहे? छप्परसुद्धा नाही.

"रिकाम्या हाताने जायचं का?"

जुन्या बायकांच्या रीती. हसू आलं. आज फार बरं वाटतंय. लुलवाला फोन करून सांगितलं, पुढची जागा ठेव, शाहीनच्या आईला, उम्म शाहीनला, हेलकावे सोसत नाहीत.

शनिवार, २६ जानेवारी

आजचं लिहून टाकतो.

जाताना सगळं चांगलं होतं. घनीमा डबा मांडीवर घेऊन बसलेली. बेट दिसायला लागलं तशी अबाया सारखी सारखी सावरत होती, नव्या नवरीसारखी. लुलवाने तिचा हात धरून उतरवलं. किल्ला झाला, हद्रा झाला. हद्र्याजवळ ती म्हणाली, "बांबूचा? कोणा मूर्खाने बांधलाय?" सगळे खो खो हसले. मला वाटलं, झालं! आता दर शनिवारी हिलाच बोलायला देतो.

मग घर. मी नेहमीचं बोलायला लागलो — इथे बैठक, इथे शाहीन... ती सरळ आत गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. एकदा इकडून, एकदा तिकडून. बाहेर येऊन सगळ्यांसमोर मला म्हणाली,

"हे आपलं घर नाही."

मी म्हटलं, काहीतरीच काय!

"फिर्या कुठे आहे? आमच्या स्वयंपाकघरात फिर्या होती. इथे भिंत सलग आहे. हात लावून बघा."

फिर्या म्हणजे शेजारच्या घरात जायची भिंतीतली वाट. वाकून जाता येईल एवढी. बायका रस्त्यावर न येता तिच्यातून ये-जा करायच्या, ताटं जायची, तान्ही मुलंसुद्धा जायची. मी भिंत चाचपली. सलगच! बुजवल्याची खूणसुद्धा नाही.

एक तरुण फोटोवाला म्हणाला, "काका, मग आम्ही कोणाच्या घराचे फोटो काढले?" हसला. बाकीचे हसले नाहीत, ते जास्त लागलं. लुलवा पटकन म्हणाली, "सगळी घरं सारखीच दिसतात हो, चला, चहा तयार आहे."

घनीमाने डबा उघडला नाही. तसाच परत आणला.

रविवार, २७ जानेवारी

काही लिहवत नाही.

बुधवार, ३० जानेवारी

विचार करून करून डोकं दुखतंय. मशिदीपासून गल्ली मोजत गेलो की तेच दार येतं. पण मशीदही अर्धी पडलेली. मी भलत्याच कोपऱ्यापासून मोजत असेन तर?

आणि घनीमाच्या बोलण्यावर शंका कशी घेऊ? स्वयंपाकघर तिचं. शेजारच्या बायका यायच्या जायच्या तिथे मी कधी पाऊल टाकलं? दारात खाकरायचं, आतून "या" आलं तरी बैठकीतच बसायचं. इतकी वर्षं घरात राहून घराचा अर्धा भाग मी बघितलेलाच नाही. तिथे फिर्या होती की नव्हती हे मला माहीत नाही! कोणाला सांगितलं तर हसेल. पण आमच्याकडचा कुठला पुरुष छातीठोक सांगेल?

म्हणजे सगळा हिवाळा मी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून माझ्या मुलाचं पहिलं पाऊल दाखवत होतो. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.

लुलवाला फोन करून सांगितलं, मला आता मोकळं कर. म्हणाली, "काका, चुकलं तर चुकलं. पण या शनिवारी या. मग काय ते ठरवू." दयेने म्हणाली की काय, कळलं नाही.

घनीमाला विचारलं, अगं, नक्की फिर्या होती? "होती म्हणजे? मी रोज त्यातून जायचे!" आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी बाबांकडे बघायचो.

गुरुवार, ३१ जानेवारी

आमच्या भिंतीला भिंत लागून बू जासिरचं घर होतं. फिर्या असली तर ती त्याच्याच घरात उघडणार. पण त्याच्या बायकोच्या बाजूचं मी त्याच्या दिवाणियात, पुरुषांच्या बैठकीत, कसं विचारणार? आणि नुसतं विचारून काय, त्याने येऊन बघायला हवं. तो तर शपथ घेऊन बसलाय, बेटावर पाय ठेवणार नाही म्हणून. दर वेळी मला टोमणे — "ये बाबा, बसा गाईडसाहेब! आज किती गोऱ्यांना घर विकलंस?"

संध्याकाळी गेलो. कॉफी आली. मी फिंजान, तो छोटा पेला, घेतला आणि समोर खाली ठेवला. प्यायलो नाही.

हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. गप्पा थांबल्या. आमच्यात कॉफी न पिता ठेवली की पाहुणा काही मागायला आलाय, आणि यजमानाने "दिलं" म्हटल्याशिवाय तो पिणार नाही.

बू जासिर म्हणाला, "पी रे. गार होतेय."

मी हललो नाही.

कोपऱ्यातून एक म्हातारा — "या वयात मुलगी मागायला आलास की काय?" हशा. बू जासिर हसला नाही. माझं तोंड बघितलं त्याने. म्हणाला, "पी, बू शाहीन. जे असेल ते दिलं."

मी एका घोटात संपवली आणि म्हटलं, शनिवारी माझ्याबरोबर बेटावर चल.

"अरे देवा! मला वाटलं उंट मागशील!" मग म्हणाला, "फसवलंस हरामखोरा. येतो."

शनिवार, २ फेब्रुवारी

घनीमाला सांगितलं दिवाणियात चाललोय. खोटं.

बू जासिरने बोटीवर डोळे मिटून घेतले ते धक्क्याला लागेपर्यंत उघडले नाहीत. किल्ल्याकडे गेला नाही. लुलवा सांगायला लागली तर म्हणाला, "पोरी, तुझ्या यवनांना माझा सलाम सांग." आम्ही दोघेच सरळ वसाहतीत गेलो. त्याने काठीने दाखवत दाखवत घरं ओळखली. हा नाखवा, हा शाळेचा शिपाई, हे त्या तोतऱ्याचं. स्वतःच्या दारासमोर आला तेव्हा आत गेला नाही. भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. मीही शेजारी उभा राहिलो. वारा पडला होता. लांबून लुलवाची शिट्टी ऐकू आली.

मग शेजारच्या दाराकडे काठी केली. "अरे गाढवा, हेच तुझं घर. दुसरं कोणाचं?"

मी म्हटलं, पण फिर्या?

"तुझ्या नि माझ्या घरात भोक असतं तर मला कळलं नसतं? या सरकारी घरांना फिर्या कुठली! ती जुन्या मातीच्या वस्तीत. उम्म शाहीनच्या वडिलांचं घर नि आमचं घर तिथे लागून होतं, विसरलास? माझी आई त्या फिर्येतून तिच्या आईला दूध द्यायची. ती घरं तुमच्या लग्नाच्या सुमाराला पाडली."

मी खाली बसलो, तिथेच, आमच्या उंबऱ्यावर. माझ्या उंबऱ्यावर! मी बरोबर होतो. इमामांचं नावही आठवलं त्याच क्षणी — मुल्ला मिश्आल! मोठ्याने ओरडलो. बू जासिर म्हणाला, वेड लागलं याला.

लुलवा मंडळी घेऊन आली तेव्हा मी असा बोललो, असा बोललो! खेकडे, बाबांच्या शिव्या, सगळं. बू जासिर मधे मधे खोडत होता, "खोटं बोलतोय, ते पापलेट मी पकडलं होतं." लोक निघायला तयार होईनात. लुलवा म्हणाली, "आता दोघेही यायचं, दर शनिवारी."

परतताना बोटीवर बू जासिरने हळूच विचारलं, "उम्म शाहीन बरी आहे ना?"

मला राग आला. म्हटलं, बरी आहे, तिला काय झालंय? माहेरच्या घराशी जरा गल्लत झाली, बायकांचं होतं असं.

रविवार, ३ फेब्रुवारी

सकाळी चहाला घनीमाला सगळं खरं सांगितलं. बेटावर गेलो होतो, बू जासिरने बघितलं, तेच आपलं घर, मी चुकलो नव्हतो. मला वाटलं चिडेल, भांडेल.

तिने कप खाली ठेवला. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "बेटावर गेला होता? आणि मला एकदाही नेलं नाहीत?" बेटावर जायचं म्हणून लावलेली मेंदी अजून तिच्या हातांवर होती.

शाहीनला चार वेळा फोन लावला. उचलत नाही. निरोप ठेवलाय. पोरा, काम असू दे बाजूला. आज कळव. आजच कळव.