आजीनं कापलेला कोहळा

बडोदा, १२ डिसेंबर

माय, पाया पडते.

मी बरी आहो. थोडा खोकला आहे, त्याचं काही नाही. तू जेवतेस ना वेळेवर?

काल वड्यांसाठी कोहळा आणला. आपल्या गावी, गोरेगावात, कोहळ्याले पहिला काप गडीमाणसानंच द्यायचा, बाईनं नाही, म्हणून शेजारच्या काकांना बोलवणार होती. मंग आजी आठवली. आजोबा गेले त्या वर्षी कापायले कोणी येईना, तर म्हणाली, "धानाच्या बांध्या मी रोवल्या, पोरं मी पोसली, अन् कोहळ्याले कायले गडी पाहिजे?" अन् विळीवर दोन फाका केल्या. तिच्या त्या हिमतीवरच मी इथवर आली.

मीही कापला. वड्या गच्चीवर वाळून राहिल्या.

आजी गेल्यावरचा हा पहिला हिवाळा. योगराजभाऊ येईल तेव्हा कापू म्हणून तिकडे घरी आपला कोहळा पडून आहे म्हणे. भाऊले सुट्टी नाही. आजीची विळी काढ, माय.

तुझी रश्मी