बाबांचे कोयते मोडू लागले

४ फेब्रुवारी
मोडला! पाच-सहा घावांतच. पातं उडून पत्र्यावर आदळलं आणि मी हातात नुसती मूठ घेऊन उभी. बाबांचा कोयता – बाबांचा!

मूठ बसवणारे काका धावत आले. मला लागलंय का ते बघायला नाही, पातं बघायला. तुकडा उलटसुलट करून म्हणाले, "गाठीवर तिरका बसला असेल." मी म्हटलं, असेल. पण नव्हता. दर लॉटमधला एक कोयता छळ छळ छळायचा, हेच तर माझं या कारखान्यातलं काम. तिरका घाव मला कळतो. एरवी मी वाळक्या ओंडक्याच्या गाठी फोडते, पातं पकडीत आवळून वाकवते, आणि बाबांचं पातं सोडलं की पुन्हा सरळ होतं. शेवटी मीच कंटाळून नाद सोडते.

५ फेब्रुवारी
त्याच लॉटमधला दुसरा घेतला. तोही मोडला.

६ फेब्रुवारी
बाबांना जेवताना सांगितलं. आई ताईच्या बाळंतपणाला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांचाही स्वयंपाक बेताचाच. त्यात ही बातमी. बाबा ताटातच बघत म्हणाले, "मालकांनी पोलाद बदललंय." आणि हात धुवायला उठले.

पोलाद? की तेल? की आच? पाती कारखान्यात कापतात, पण त्यांना पाणी बाबाच देतात, आमच्या घरामागच्या शेडमध्ये. आधी लाल करून तेलात बुडवायचं, मग घासून हलक्या आचेवर धरायचं. पात्यावर रंग चढत जातात – वाळल्या गवतासारखा पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. जांभळ्यावर काढायचं. आधी काढलं तर धार झकास, पण पातं ठिसूळ. उशीर झाला तर मऊ. एवढंच तर आहे. ज्या माणसाने जन्मभर तेच केलं, तो त्यात कसा चुकेल?

९ फेब्रुवारी
गोदामातून जुन्या पोलादाची पाती शोधून बाबांना नेऊन दिली. मोडली. तेल नवं भरलं. मोडली. मग वाटलं, मीच जास्त जोर लावतेय. म्हणून काकांच्या हातात कोयता दिला. त्यांच्याही हातून मोडला, आणि ते बिचारे माझ्याकडे असं बघायला लागले की जणू त्यांनीच बाबांचा हात मोडलाय.

डोकं चालेनासं झालंय.

१२ फेब्रुवारी
वणवा पसरू नये म्हणून जंगलात पट्टे साफ करणाऱ्या टोळीचा मुकादम आला. कोयत्याचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. जानेवारीच्या शेवटी नेलेला माल. एका माणसाच्या गालात तुकडा घुसला, डोळ्याच्या जरा खाली. मुकादम ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, तुमच्या वडिलांचा माल आम्ही कधी पारखून घेतला नाही. गरजच पडली नाही."

मग मालकांनी बोलावलं. "पुढचा लॉट शेवटचा. तोही मोडला तर मी इथेच मशीनची भट्टी बसवतो. वडिलांना तू सांगतेस की मी सांगू?"

मी सांगते म्हटलं. का म्हटलं कोण जाणे! सुट्टीच्या दिवशीसुद्धा बाबा चार वेळा शेडला चक्कर मारून येतात. भट्टी गेली तर हा माणूस घरात बसून काय करणार? आणि ती घालवणार कोण, तर मी. माझ्याच हाताने मोडून.

१३ फेब्रुवारी
सांगितलं. मालकांचं राहिलं बाजूला, बाबांनी आधी विचारलं, "डोळा गेला का त्याचा?" वाचला म्हटलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला फोन लाव." फोन घेऊन अंगणात गेले आणि दार ओढून घेतलं.

ह्यात आई काय करणार? तिचंही काही कळत नाही. नात झालीय, पण रोज फोनवर पहिला प्रश्न – "कोयते कसे येताहेत?" ताई वैतागली आहे.

१५ फेब्रुवारी
आई आली. महिनाभर राहणार होती ती. ताईने माझ्याशीच भांडण काढलं, "तुम्हा दोघांना दोन वेळचं जेवण करून घेता येत नाही का?" आईला विचारलं तर म्हणे, "तिची सासू आहे की तिथे." ज्या सासूला आई उभ्या जन्मात चांगलं म्हणाली नाही!

१९ फेब्रुवारी
नवा लॉट. पहिला घाव घातला. मोडला नाही. ओंडका संपला, दुसरा आणला. पकडीत वाकवला, सरळ झाला. काकांनी शर्टाच्या बाह्या सारून हात साफ करून घेतला आणि घामाघूम होऊन खाली बसले. मालक हसत म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात परत आला."

आनंद झाला. खोटं कशाला लिहू, रडू आलं. पण कळत काहीच नाही. तेच पोलाद, तेच तेल, तोच माणूस. बाबांना विचारलं, "काय बदललंत?" "काही नाही." आईला विचारलं तर म्हणाली, "आधी जेव." मला राग आला आहे. दोघं मिळून मला वेड्यात काढताहेत.

२० फेब्रुवारी
मुकादम परवा सगळा लॉट न्यायला येतोय. मी शब्द दिला तरच नेणार. तसं बघितलं तर देता येतो, माझ्यासमोर टिकले आहेत. पण का टिकले हे माहीत नसताना कुणाच्या तोंडासमोर ते कोयते द्यायचे? बाबा भट्टी पेटवतात ते मी कामावर गेल्यावर. आज उरलेली पाती करायची आहेत म्हणत होते, ती उद्यावर गेली. उद्या मी अर्ध्या वाटेतून परत येणार आहे.

२१ फेब्रुवारी
शेडचं दार लोटलं. बाबा पातं आचेवर धरून बसलेले, पण नजर पात्यावर नव्हतीच. आई शेजारी उभी, कमरेवर हात. "थांबा... थांबा... काढा." बाबांनी काढलं. जांभळं.

मला बघून दोघंही दचकले. "ह्यांना हे रंग वेगळे दिसतच नाहीत," आई म्हणाली. "बरीच वर्षं झाली. एकट्याने करू नका म्हणून मी सांगून गेले होते." मग आई बाजूला सरकली. "मला ताईकडे परत जायचंय, तिचे हाल होताहेत तिथे. ये, इथे उभी राहा."

बाबांनी दुसरं पातं आचेवर धरलं आणि मी काय सांगते त्याची वाट बघत राहिले.