न धुतलेली तार

३ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी! प्रयोगशाळा लख्ख, टेबल खिडकीपाशी, चहा मात्र नुसतं गरम पाणी. काम जिकिरीचं. केसाएवढ्या प्लॅटिनमच्या तारेवर साखर ओळखणारं एन्झाइम चिकटवायचं. मोकळं राहिलं तर वाहून जातं, पक्कं बसलं की तार कातडीखाली महिनाभर साखर सांगत राहते. माझा धाकटा भाऊ मधुमेही, दिवसातून पाचदा बोट टोचून घेतो. त्याच्यासाठीच आले मी इथे.

९ मार्च
आमच्या प्रमुख बाई आज चक्क हसल्या. म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा. एकच खटकलं. चिकटवायचं द्रावण दिसेल त्या प्रथिनाला धरतं, म्हणून शेवटी तार धुऊन द्रावणाची उरलेली पकड मोडायची, असं मी शिकले. इथे धुतच नाहीत. धुतलं की निम्मं एन्झाइम जातं, म्हणे. नव्या सुनेनं सासूला स्वयंपाक शिकवू नये. गप्प बसले.

१५ मार्च
बाईंनी पहिला मान धाकट्यालाच दिला! महिनाभर इथल्याच तपासणीच्या खोलीत राहायचं त्यानं. तार मी केली, त्याच्या दंडात मीच बसवली. गधडा म्हणतो, ताई, माझी बोटं आता निवृत्त. हसून हसून पुरेवाट झाली.

१७ मार्च
दंड पिवळट, कडक. बाईंना दाखवला तर त्यांनी नुसते आकडे पाहिले. म्हणाल्या, इतकं स्थिर रीडिंग आजवर मिळालं नाही, हात लावू नकोस.

१९ मार्च
त्याचं कोपर वाकत नाही. बोटं लाकूड झालीत. ती पकड संपतच नाही, आणि माणूस म्हणजे तरी प्रथिनंच की. मला माहीत होतं. माहीत असून गप्प बसले मेली. तार काढा म्हणून पाया पडले. बाई म्हणाल्या, महिना भरू दे. आम्हा दोघांना आत ठेवून दार बाहेरून लावलं.

२० मार्च
मान गेली. जबडा गेला. डोळे तेवढे हलतात. माझ्याकडेच बघतो. रीडिंग अचूक.

२१ मार्च
चिमट्यानं तार ओढली. येईना. दंड धरून जोर लावला — माझा उजवा तळवा तिथेच चिकटला. सुटत नाही —
बाई काचेतून बघून गेल्या. लिहून घेतलं काहीतरी.

२२ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. माझ्या खांद्यापर्यंत आलंय, आता छातीवरून पलीकडे सरकतंय. धाकटा डोळ्यांनी सुई दाखवतो. त्याच्या रोजच्या इन्सुलिनची. सगळी दे म्हणतोय. कळतंय रे राजा, कळतंय मला —
देते. सुई जवळच आहे. पेन ठेवते आधी —
पेन सुटत नाही बोटांतून —
तो बघतोय — पेन सुट