अळणी वरण

माय, नाशिकहून तुह्या पाया पडतो.

फोनवर तू "सारं बरं हाय" एवढंच म्हणते, म्हणून लिहून राहिलो. मी मजेत हाय.

खोलीवर पहिल्या दिवशी वरणात मीठच टाकलं नाही. भातकुलीत आपल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात शिजवलेल्या वरणाले लागत नाही ना, तीच सवय. सोबतचे हसले. काल ते गावी गेले. मी एकट्यानं जास्तीचं मीठ टाकून पाहिलं. तरी घरच्यासारखं लागलं नाही.

दोन वर्षं पाऊस नाही, विहीर आणखीच खारट झाली असन. सीमावहिनी म्हणे, त्या पाण्यानं तुहे पाय सुजले. टँकरचं गोडं पाणी मिळते ना?

"बरं हाय" लिहू नको. वरणात आता मीठ टाकावं लागते का, तेवढंच सांग. मले समजन.

तुहा श्याम